पंगत उठल्यावरच पान उचला: कर्नलमध्ये मेमरी उशिरा मोकळी करण्याची सुरक्षित रीत

समजा, तुमच्या ड्रायव्हरमध्ये एक यादी आहे. एका सीपीयूवर चाललेला कोड त्या यादीतल्या तिसऱ्या नोंदीवर उभा आहे. तिचा पत्ता त्याच्या रजिस्टरमध्ये आहे आणि पुढच्याच इन्स्ट्रक्शनला तो तिच्यातला एक आकडा वाचणार आहे. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या सीपीयूवरचा कोड ती नोंद यादीतून काढतो आणि तिची मेमरी मोकळी करून टाकतो. ती जागा लगेच तिसऱ्याच कुणाला तरी मिळते. पहिला सीपीयू आता जो आकडा वाचेल, तो कुणाचा असेल हे कुणीच सांगू शकत नाही. नशीब चांगलं असेल तर मशीन जागच्या जागी कोसळेल. नसेल तर चुकीचा आकडा घेऊन ते दोन दिवस चालत राहील, किंवा एखादा हल्लेखोर त्या जागेत स्वतःला हवं ते भरून ठेवेल.

लॉक लावून हे टाळता येतं. पण कर्नलमध्ये काही याद्या सेकंदाला लाखो वेळा वाचल्या जातात आणि क्वचित बदलतात. फाइलचा मार्ग शोधणं, नेटवर्क पॅकेटचा रस्ता ठरवणं ही त्यातली ठळक कामं. तिथे नुसतं वाचण्यासाठी घेतलेलं लॉकसुद्धा मेमरीत काहीतरी लिहितं, ती कॅशलाइन (सीपीयूच्या कॅशमधला मेमरीचा छोटा तुकडा) एका सीपीयूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत राहते आणि सीपीयू वाढवले तरी वेग वाढत नाही. यावर लिनक्सचं उत्तर म्हणजे आरसीयू, अर्थात रीड-कॉपी-अपडेट. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी सिक्वेंट कंपनीच्या डायनिक्स या युनिक्समध्ये ती पद्धत आकाराला आणली. लिनक्समध्ये ती ऑक्टोबर २००२ मध्ये, २.५.४३ या आवृत्तीत आली. त्या कामात आयबीएमच्या भारतातल्या गटातले दीपंकर सरमा यांचा मोठा वाटा होता, आणि फाइलनावांच्या कॅशला आरसीयूवर आणण्यात त्यांच्याबरोबर मनीष सोनी होते. हे मुद्दाम सांगतो, कारण कर्नलच्या गाभ्यातलं काम आपल्याकडून होत नाही असं समजून बरेच जण दारातूनच परततात.

हा लेख ज्यांना सी येतं, लॉक म्हणजे काय ते माहीत आहे, पण उशिरा मोकळं करण्याचा कोड स्वतः लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी आहे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये ती त्याच उच्चाराने, रोमन लिपीत, अंडरस्कोअरसह सापडतील.

पायरी १: काढणं आणि मोकळं करणं वेगळं करा

पंगत आठवा. यजमानांनी सांगितलं की आता या पंगतीत नवीन कुणी बसायचं नाही. बसलेले सावकाश जेवतात आणि उठतात. शेवटचा माणूस उठला की मगच पत्रावळी उचलल्या जातात. पुढच्या पंगतीला जे बसणार आहेत, त्यांच्यासाठी या पंगतीची पानं कुणी अडवून ठेवत नाही. आणि उष्टी काढणारा माणूस प्रत्येकाला ‘झालं का?’ असं विचारत फिरत नाही. रांग रिकामी झालेली त्याला दिसते.

आरसीयूत हेच घडतं. नोंद यादीतून काढली की नवीन वाचणाऱ्यांना ती सापडतच नाही. आधीपासून तिच्यावर उभे असलेले आपापलं वाचन संपवून बाहेर पडतात. त्या वेळेला ग्रेस पिरियड म्हणतात. तो संपल्यावर मेमरी मोकळी होते. कर्नलला रांग रिकामी झाल्याचं कळतं ते असं: वाचणारा कोड आरसीयू_रीड_लॉक आणि आरसीयू_रीड_अनलॉक यांच्या मधल्या कुंपणात असतो, आणि त्या कुंपणात झोपायला बंदी आहे. साध्या कर्नलमध्ये त्यामुळे एखाद्या सीपीयूने काम बदललं, किंवा तो रिकामा बसला, किंवा यूजर प्रोग्रॅम चालवायला गेला, की तो जुन्या कुंपणातून नक्की बाहेर पडलेला असतो. सगळे सीपीयू असे एकेकदा दिसले की पंगत उठली. जिथे वाचणाऱ्याला मधेच थांबवून दुसरं काम पुढे घेता येतं, त्या प्रीएम्प्टिबल कर्नलमध्ये अशा थांबवलेल्या कामांची वेगळी नोंद ठेवली जाते आणि त्यांचीही वाट पाहिली जाते.

दोन टप्पे वेगळे आहेत हे एकदा पटलं की यादीतून काढण्याच्या फंक्शनकडे नीट पाहा. लिस्ट_डेल_आरसीयू हे नोंदीचा ‘पुढचा’ पॉइंटर तसाच ठेवतं, कारण त्या नोंदीवर उभा असलेला वाचणारा त्याच धाग्याने पुढे जाणार असतो. साधं लिस्ट_डेल त्या जागी विषारी पत्ता (मुद्दाम ठेवलेला, वापरताच मोडणारा खोटा पत्ता) भरतं आणि वाचणारा तिथेच कोसळतो. लिस्ट_डेल_इनिट तर नोंदीला स्वतःकडेच वळवतं, म्हणजे वाचणारा तिथल्या तिथे कायमचा फिरत राहतो. आणि क्रम कधीच उलटा करू नका. आधी मोकळं करण्याची विनंती आणि मग यादीतून काढणं, असं लिहिलं तर ग्रेस पिरियड मधल्या मध्ये संपू शकतो आणि यादीत मेलेली नोंद लटकत राहते.

पायरी २: कुणाच्या घड्याळाने वाट पाहताय ते लिहून काढा

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे आणि त्यासाठी कोडची एक ओळही लागत नाही. स्ट्रक्टच्या वर एक वाक्य लिहा: ही वस्तू कोण वाचतं, कोणत्या कुंपणात राहून वाचतं, आणि मोकळं करणारा त्याच कुंपणाची वाट पाहतो का? या तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर बाकी सगळं बिनचूक असूनही कोड चुकीचा आहे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून घडलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पूर्वी कर्नलमध्ये आरसीयूच्या तीन जाती होत्या. प्रत्येकीचं वाचण्याचं कुंपण वेगळं, वाट पाहण्याचं फंक्शनही वेगळं. एका ठिकाणी वाचणारा एका जातीच्या कुंपणात होता आणि मोकळं करणारा दुसऱ्या जातीची वाट पाहत होता. दोन्ही बाजूंचा कोड स्वतंत्र वाचला तर निर्दोष दिसायचा. त्यातून हल्ला करता येईल अशी भेग उघडी पडली. लिनस टोरवाल्ड्स यांनी मॅकेनींना विचारलं की ही चूक होऊच नये असं काही करता येईल का. मॅकेनींनी त्या जाती एकत्र केल्या, आणि डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपासून सिंक्रोनाइज_आरसीयू या एकाच फंक्शनने तिन्ही प्रकारच्या वाचणाऱ्यांची वाट पाहिली जाऊ लागली. आवरण, म्हणजे हे नियम आत दडवून बाकीच्यांना सोपी फंक्शनं देणारा रॅपर कोड, लिहिणाऱ्याने यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की दुरुस्ती करताना त्यांनी वापरणाऱ्यांना ‘जपून वापरा’ असं सांगितलं नाही. चुकीची जोडी जुळवायची सोयच काढून टाकली.

दुसरी गोष्ट जुलै २०२३ मधली, स्टॅकरॉट नावाने ओळखली जाणारी. ६.१ या आवृत्तीत प्रोसेसच्या मेमरीचे विभाग ठेवण्यासाठी मेपल ट्री ही नवी रचना आली. या झाडाची गाठ बदलायची झाली की नवी गाठ जोडायची आणि जुनी आरसीयूने उशिरा मोकळी करायची, अशी रीत होती. स्टॅक वाढवताना विभागाची हद्द बदलते, पण तो कोड फक्त वाचण्याचं लॉक घेऊन हे करत असे. दुसरा थ्रेडही तेच वाचण्याचं लॉक धरून झाड चाळत असे आणि आपल्या हातात लॉक आहे म्हणजे गाठी जागेवर राहतील असं धरून चाले. तो आरसीयूच्या कुंपणात नव्हताच. म्हणजे वाचणारा लॉकच्या घड्याळावर, मोकळं करणारा आरसीयूच्या घड्याळावर. ग्रेस पिरियडने त्या थ्रेडची वाट पाहिली नाही, कारण पाहायचं कारणच नव्हतं. स्टॅक वाढवताना लिहिण्याचं लॉक घ्यायला लावून हे दुरुस्त केलं गेलं.

‘आम्ही आरसीयू वापरतो’ एवढ्या वाक्याने काही सिद्ध होत नाही, ते यासाठी. वाचणाऱ्याला मधे झोपावं लागत असेल तर साधं आरसीयू चालणार नाही. त्याला एसआरसीयू, म्हणजे वाचताना झोपायला मुभा देणारं आरसीयू, लागतं, आणि एसआरसीयूमध्ये प्रत्येक उपप्रणाली स्वतःचा वेगळा गट बनवते. एका गटाचं कुंपण आणि दुसऱ्या गटाची वाट, हीदेखील तीच जुनी चूक.

पायरी ३: साधन निवडा

उशिरा करायचं काम नक्की काय आहे यावर निवड ठरते.

फक्त मेमरी परत द्यायची असेल तर केफ्री_आरसीयू. नवख्याने आधी याच्याकडेच वळावं. तुम्हाला कॉलबॅक (कर्नलने नंतर बोलवायचं तुमचं फंक्शन) लिहावा लागत नाही, त्यामुळे कॉलबॅकमध्ये होणाऱ्या चुकाही होत नाहीत. शिवाय कर्नल असे पॉइंटर गोळा करून घाऊक भावात मोकळे करतं.

मेमरीबरोबर आणखी काही आवरायचं असेल, उदाहरणार्थ दुसऱ्या वस्तूचा संदर्भ सोडायचा असेल, तर कॉल_आरसीयू. तुमचा कॉलबॅक ग्रेस पिरियडनंतर चालतो.

आवरण्याच्या कामात झोपावं लागणार असेल, म्हणजे म्यूटेक्स घ्यायचा असेल किंवा हार्डवेअरची वाट पाहायची असेल, तर क्यू_आरसीयू_वर्क. ते ग्रेस पिरियड संपल्यावर काम वर्कक्यूकडे, म्हणजे कामं कर्नल थ्रेडमध्ये चालवणाऱ्या रांगेकडे, सोपवतं आणि तिथे झोपायला मुभा असते.

आणि तुम्ही स्वतःच थांबू शकत असाल तर सिंक्रोनाइज_आरसीयू, मग साधं केफ्री. वाचायला सगळ्यांत सोपा कोड हाच. पण ही वाट काही मिलिसेकंदांची असू शकते, म्हणून लूपमध्ये शेकडो वेळा ते बोलावू नका. आणि वाचण्याच्या कुंपणातून तर कधीच नाही, कारण मग तुम्ही स्वतःच उठण्याची वाट पाहत बसाल.

पायरी ४: परत देण्यासाठी लागणारी जागा आधीच बांधून ठेवा

कॉल_आरसीयूला एक आरसीयू_हेड लागतं. त्यात दोन पॉइंटर असतात, ६४ बिटच्या मशीनवर १६ बाइट. ते तुमच्या स्ट्रक्टच्या आतच ठेवा. मेमरी मोकळी करण्यासाठी आधी मेमरी मागावी लागली, तर नेमकी टंचाईच्या वेळी ती मिळणार नाही आणि मोकळं करणंच अडेल. आरसीयू_हेड नसताना चालणारा केफ्री_आरसीयूचा दुसरा प्रकार आहे, पण त्याच्या नावातच ‘माइटस्लीप’ आहे. तो झोपू शकतो, म्हणून स्पिनलॉक (न झोपता, जागेवर फिरत वाट पाहायला लावणारं लॉक) धरून त्याला हात लावायचा नाही.

१६ बाइट वाचवण्यासाठी काही जण आरसीयू_हेड दुसऱ्या एखाद्या फील्डबरोबर युनियनमध्ये घालतात. ते चालतं, पण ते दुसरं फील्ड कोणताही वाचणारा कधीही बघत नसेल तरच. कॉल_आरसीयू बोलावताच त्या जागेवर लिहिलं जातं, आणि त्या क्षणी जुने वाचणारे अजून पंगतीत असतात.

एकच हेड दोनदा रांगेत गेलं तर कॉलबॅकची साखळी बिघडते आणि दोष भलत्याच ठिकाणी दिसतो. ‘हे बोलावण्याचा अधिकार एकालाच’ हे म्हणूनच आवरणाने ठरवून टाकावं. सोपी रीत अशी: ज्याने लॉक धरून नोंद यादीतून प्रत्यक्ष काढली, तोच मोकळं करण्याची विनंती करणार. सीमध्ये मी हे एकाच फंक्शनात कोंडतो आणि बाकी कुणाला ते दोन टप्पे वेगवेगळे हाताळू देत नाही:

नोंद_काढ(यादी, किल्ली):
  लॉक घे
  नोंद शोध, नसेल तर लॉक सोडून परत जा
  लिस्ट_डेल_आरसीयू(नोंद)
  लॉक सोड
  केफ्री_आरसीयू(नोंद)

दोन सीपीयूंनी एकच किल्ली एकाच वेळी काढायला सांगितली तरी लॉकच्या आत एकालाच नोंद सापडते. दुसरा रिकाम्या हाताने परततो.

पायरी ५: कुंपणाबाहेर न्यायचं असेल तर संदर्भ घ्या

कुंपणात सापडलेला पॉइंटर कुंपण सोडल्यावर वापरायचा नाही. गरज असेल तर बाहेर पडण्यापूर्वी त्या वस्तूचा संदर्भ-आकडा वाढवा. पण साधं ‘एकने वाढव’ इथे चुकीचं आहे, कारण तो आकडा कदाचित शून्यावर पोचलेला असेल आणि वस्तू मोकळी होण्याच्या रांगेत असेल. म्हणून रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो. ते शून्यावरून वाढवायला नकार देतं. नकार आला तर ‘सापडलं नाही’ असं समजून पुढे जा.

नव्या कर्नलमध्ये सीतही स्कोप संपला की आपोआप सुटणारे गार्ड आले आहेत. अनलॉक विसरण्याची चूक त्यांनी टळते. पण गार्डच्या आत मिळालेला पॉइंटर रिटर्न करून टाकला तर सी कंपायलर गप्प बसतो. हा मुद्दा रस्टकडे आल्यावर पुन्हा येईल.

पायरी ६: कॉलबॅक कुठे चालतो ते विसरू नका

तो साधारणपणे सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतो, म्हणजे चालू काम मधेच अडवून कर्नल जी छोटी कामं उरकतं त्यांच्यात. काही मांडण्यांमध्ये वेगळ्या कर्नल थ्रेडमध्येही चालतो, पण तुम्ही अवघड बाजू धरूनच लिहा: झोपायचं नाही. कॉलबॅकमध्ये जे स्पिनलॉक घेता, ते बाकी कोडमध्ये सॉफ्टआयआरक्यू बंद करणाऱ्या प्रकारानेच घ्या. नाहीतर लॉक धरलेल्या सीपीयूवरच कॉलबॅक सुरू होतो आणि स्वतःच्याच लॉकची वाट पाहत बसतो.

वेळेबद्दलही काही गृहीत धरू नका. बॅटरी वाचवण्यासाठी ६.२ आवृत्तीत एक पर्याय आला, ज्यात कॉलबॅक १० सेकंदांपर्यंत लांबू शकतात. फाइल बंद झाल्याचं दुसऱ्या टोकाला कळवणं, पोर्ट मोकळा करणं, अशी बाहेर दिसणारी कामं कॉलबॅकमध्ये ठेवू नका. ती काढतानाच उरका. मागे ठेवायची ती फक्त वाचणारे ज्याकडे बघत असतील तेवढी मेमरी. कॉलबॅक जितका लहान, तितका तुमच्यावरचा भार कमी.

पायरी ७: मॉड्यूल काढताना थांबा

ही पायरी मी स्वतः चुकलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुण्यात एका कंपनीत असताना माझा ड्रायव्हर महिनाभर व्यवस्थित चालला. मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडचा भाग, इथे माझा ड्रायव्हर) काढताना मात्र मशीन कधीतरी कोसळायचं, वीसेक वेळांत एकदा. ट्रेसमध्ये जो पत्ता दिसे, तो कोणत्याच कोडचा नसे. दोन दिवस मी हार्डवेअरवर संशय घेत राहिलो. खरं कारण हे होतं की बाहेर पडण्याच्या फंक्शनात मी सिंक्रोनाइज_आरसीयू बोलावलं होतं आणि तेवढं पुरेसं आहे असं मानलं होतं.

ते पुरेसं नसतं. सिंक्रोनाइज_आरसीयू वाचणाऱ्यांची वाट पाहतं. रांगेत उभ्या असलेल्या कॉलबॅकची वाट ते पाहत नाही. मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेला आणि त्यानंतर कॉलबॅकची पाळी आली, तर सीपीयू नाहीशा झालेल्या फंक्शनात उडी मारतो. त्यासाठी आरसीयू_बॅरियर आहे. आधी रांगेत घातलेले सगळे कॉलबॅक चालून संपेपर्यंत ते थांबतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: रांगेत एकही कॉलबॅक नसेल तर आरसीयू_बॅरियर लगेच परत येऊ शकतं, ग्रेस पिरियड न थांबता. दोन्हींची गरज असेल तर दोन्ही बोलवा.

क्रम असा ठेवा: नवीन नोंदी येण्याचे सगळे रस्ते बंद करा, टायमर आणि वर्क थांबवा, उरलेल्या नोंदी यादीतून काढा, मग आरसीयू_बॅरियर, आणि शेवटी स्लॅब कॅश (नोंदींसाठी मेमरी देणारा तुमचा साठा) नष्ट करा. रस्ते बंद करण्याआधी बॅरियर लावला तर त्याच्या मागून नवे कॉलबॅक येत राहतात.

पायरी ८: पूर येऊ देऊ नका

उशिरा मोकळं करणं म्हणजे तोपर्यंत ती मेमरी अडकून राहणं. यूजर प्रोग्रॅमला लूपमध्ये फिरवता येईल अशा रस्त्यावर कॉल_आरसीयू असेल, तर मोकळं होण्याच्या वेगापेक्षा कचरा जास्त वेगाने साचू शकतो. कर्नल स्वतःही सांभाळतं. सामान्य मांडणीत ते एका फेरीत १० कॉलबॅक चालवतं, आणि एका सीपीयूवर १०,००० हून जास्त साचले की ती मर्यादा उठवतं. पण त्याच्या भरवशावर राहू नका. किती नोंदी प्रलंबित आहेत याला तुमच्या आवरणातच वरची मर्यादा ठेवा, आणि ती गाठली की झोपता येईल अशा ठिकाणी सिंक्रोनाइज_आरसीयूने वेग आवरा.

पायरी ९: आता हे नियम टाइपमध्ये उतरवा

आतापर्यंतचे सगळे नियम माणसाने लक्षात ठेवायचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट ही भाषा आहे, आणि त्यातले बरेच नियम कंपायलरच्या गळ्यात घालता येतात. रस्टमध्ये ‘उशिरा मोकळा होणारा डबा’ असा टाइप स्वतः रचून पाहिलात तर वरच्या प्रत्येक पायरीला कुठेतरी उत्तर द्यावंच लागतं.

वाचण्याचं कुंपण म्हणजे गार्ड नावाची एक वस्तू. डब्यातल्या मूल्याकडे जाणारा संदर्भ गार्डच्या आयुष्याशी बांधा. मग गार्ड सुटल्यावर तो संदर्भ वापरणारा कोड कंपाइलच होत नाही. सीत गप्प बसलेला कंपायलर इथे बोलतो. गार्ड एका थ्रेडवरून दुसऱ्यावर नेता येऊ नये, म्हणून त्याला सेंड हे लक्षण देऊ नका.

आतल्या टाइपवर कोणत्या अटी? बरेच सीपीयू एकाच वेळी वाचणार, म्हणून सिंक. नष्ट करण्याचं काम भलत्याच सीपीयूवर होणार, म्हणून सेंड. ते काम कधी होईल ते ठाऊक नाही, म्हणून आतल्या टाइपमध्ये उसना घेतलेला कोणताही संदर्भ नको. आयुष्याची अट स्टॅटिक. ही तिसरी अट नवखे हमखास विसरतात. ती नसेल तर डबा ज्या फंक्शनच्या स्टॅकवरची वस्तू उसनी घेऊन बसला आहे, ते फंक्शन केव्हाच संपलेलं असतं आणि ड्रॉप (वस्तू नष्ट होताना रस्ट आपोआप चालवतं तो कोड) नंतर चालतो.

डबा यादीत असताना त्याचा एक टाइप ठेवा आणि काढल्यावर दुसरा. बदलण्याचं फंक्शन जुनं मूल्य परत देतं ते या ‘काढलेल्या’ टाइपमध्ये, आणि त्या टाइपवर करण्यासारखी गोष्ट एकच: ग्रेस पिरियडच्या हवाली करणं. विसरून तसाच सोडला तरी त्याचा ड्रॉप हवाली करण्याचंच काम करतो. दोनदा हवाली करता येत नाही, कारण पहिल्याच वेळी मालकी निघून गेलेली असते. पायरी ४ मधली ‘अधिकार एकालाच’ ही अट अशी फुकटात मिळते.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. रस्टमध्ये एखादी वस्तू नष्ट न करता विसरून जाणं हे सुरक्षित मानलं जातं. तुमच्या आवरणाची सुरक्षितता ‘ड्रॉप नक्की चालेल’ यावर उभी असेल तर ते आवरण मोडकं आहे. २०१५ मध्ये रस्टची १.० आवृत्ती येण्याच्या थोडं आधी थ्रेडसाठीची एक सोय नेमक्या याच कारणाने प्रमाण लायब्ररीतून काढावी लागली होती. आपल्या डब्याचं बघा: डबा विसरला तर मेमरी गळते, पण कुणी मेलेली मेमरी वाचत नाही. गार्ड विसरला तर पंगत उठतच नाही. ग्रेस पिरियड लांबतो आणि २१ सेकंदांनी कर्नल अडकल्याची चेतावणी देतं. दोन्ही वाईट, पण दोन्हींत मेमरीची सुरक्षितता टिकते. आवरण तपासताना हा प्रश्न प्रत्येक टाइपला विचारा.

जे कंपायलरला दिसत नाही तेही मांडून ठेवा. गार्ड हातात असताना झोपणारं फंक्शन बोलावलं तर रस्ट स्वतःहून अडवत नाही. त्यासाठी क्लिंट नावाचं वेगळं तपासणी साधन आहे. आतल्या टाइपच्या ड्रॉपमध्ये कुणी झोपलं तर तेही कळत नाही. म्हणून मी दोन वेगळे डबे सुचवेन: एक ज्यात ड्रॉपची गरजच नसलेले टाइप ठेवता येतात आणि जो आतून केफ्री_आरसीयू वापरतो, दुसरा जो वर्कक्यूवर ड्रॉप करतो. मधला, सॉफ्टआयआरक्यूमध्ये ड्रॉप करणारा प्रकार अनसेफ (ज्याची जबाबदारी कंपायलर घेत नाही असा) ठेवा आणि ‘ड्रॉप झोपत नाही’ याची हमी वापरणाऱ्याकडून लिहून घ्या.

पायरी १०: मुद्दाम मोडून बघा

क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ४ सीपीयूंचं मशीन उभारा. कर्नल बांधताना केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी तपासणी), प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारी) आणि डीबग_ऑब्जेक्ट्स_आरसीयू_हेड हे पर्याय चालू करा. प्रूव्ह_लॉकिंगबरोबर आरसीयूचीही तपासणी येते: कुंपणाबाहेर आरसीयू_डीरेफरन्स केलं की लगेच बोंब होते. आरसीयू_स्ट्रिक्ट_ग्रेस_पिरियड हा पर्यायही लावा. तो ग्रेस पिरियड शक्य तितके आखूड करतो, त्यामुळे एरवी नशिबाने वाचलेला चुकीचा वाचणारा लवकर सापडतो. या पर्यायांनी मशीन खूप मंद होतं. ते खऱ्या वापरासाठी नाहीत.

मग एक छोटं मॉड्यूल लिहा. ३ थ्रेड यादी सतत वाचत राहतील आणि १ थ्रेड नोंदी घालत-काढत राहील. ते नीट चालतंय अशी खात्री झाली की नोंद_काढ मधलं केफ्री_आरसीयू खोडून तिथे साधं केफ्री लिहा आणि पुन्हा चालवा. केसॅनचा अहवाल येईल: वाचणाऱ्या थ्रेडचा स्टॅक, मेमरी कुठे घेतली त्याचा, आणि कुठे मोकळी केली त्याचा. आता केफ्री_आरसीयूच्या जागी कॉल_आरसीयू आणि स्वतःचा कॉलबॅक घाला, आणि वाचणाऱ्या थ्रेडमध्ये पॉइंटरचा वापर आरसीयू_रीड_अनलॉकच्या खाली सरकवा. या वेळी मोकळं करण्याचा स्टॅक नोंद_काढपर्यंत पोचणार नाही; तो सॉफ्टआयआरक्यूपाशीच थांबेल. अहवालात त्याच्या खाली आणखी एक स्टॅक असतो, कॉल_आरसीयू शेवटचं कुठून बोलावलं गेलं त्याचा. नोंद कुणी काढली ते त्याच्यात दिसेल.